चिंचेखालून लागलेला फोन: मळ्यातल्या सर्पदंशाचं एक प्रकरण

गाव, तालुका आणि माणसं ओळखता येतील असे तपशील मी गाळले आहेत. वेळा मात्र जशाच्या तशा आहेत. घटनेनंतर पंधरा दिवसांनी मी त्या घरी गेले, तीन फोनमधल्या कॉलच्या याद्या समोर ठेवल्या आणि घरातल्यांना विचारत विचारत सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही हाताशी ठेवूनच हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

मी गटप्रवर्तक आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या आशाताईंचं काम बघणं, त्यांच्या बैठका घेणं, गावोगाव फिरणं हे माझं काम. ही घटना टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या डोंगरकडेच्या पट्ट्यातली. गावठाणापासून तीन किलोमीटरवर मळ्यात तेरा घरं आहेत. कागदोपत्री या वस्तीला नाव नाही, लोक तिला नुसतं 'वरचा मळा' म्हणतात. ज्या गावाचा हा मळा, त्या नावाची तालुक्यात दोन गावं आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक, आणि दोघांमध्ये बावीस किलोमीटरचं अंतर. बोलताना खुर्द-बुद्रुक कुणीच लावत नाही, कारण गावातल्या गावात त्याची गरज पडत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे मळ्यात घरांपाशी मोबाइलला रेंज नाही. विहिरीजवळ एक जुनी चिंच आहे, तिच्याखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. वस्तीतले सगळे फोन तिथूनच होतात.

घरात आजी, आई, अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ. वडील चाकणला गाडीवर ड्रायव्हर. दोनशे पावलांवर चुलत्याचं घर.

गणपती उठून आठवडा झाला होता. मळ्याला वीज देणाऱ्या डीपीचा फ्यूज उडून तीन दिवस झाले होते. वायरमन रस्त्यात भेटला तेव्हा दोघांनी त्याला तोंडी सांगितलं होतं, त्यानेही 'बघतो' म्हटलं होतं. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून तक्रार मात्र तेरा घरांपैकी एकानेही नोंदवली नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केली असेल. या बारीकशा गोष्टीवर मी मुद्दाम थांबते आहे. पंखा बंद, घरात उकाडा, म्हणून त्या रात्री आजी, आई आणि दोन्ही मुलं पडवीत जमिनीवर गोधडी टाकून झोपली. एरवी मुलगी आजीबरोबर पलंगावर, मच्छरदाणीत झोपते. पडवीच्या एका अंगाला सरपण रचलेलं होतं आणि त्यावर कांद्याच्या रिकाम्या बारदानांची चळत. दिवा नसल्यामुळे झोपण्यापूर्वी कुणी तिकडे नजर टाकली नाही.

त्या रात्रीचा क्रम

२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मुलगी उठून बसली. "आई, प्वाट दुखतंय." आदल्या दिवशी शेजारच्या घरी पितराचं जेवण झालं होतं. आजीने ओवा आणि मीठ दिलं. साडेतीनच्या आसपास दोन उलट्या झाल्या. आजी म्हणाली, "पडू दे बाहेर, बरं वाटंल." आईलाही ते पटलं. खरं सांगायचं तर त्या वेळी तिथे असते तर मलाही ते पटलं असतं.

४ वाजून १० मिनिटांनी आईने बॅटरीचा उजेड मुलीच्या तोंडावर धरला आणि म्हणाली, "डोळे उघड बघू." मुलगी म्हणाली, "उघडलेत की." तिच्या पापण्या अर्ध्याच्या वर जात नव्हत्या. जीभ जड झाली होती, शब्द चिकटून येत होते. आईने मला हे सांगितलं तेव्हा तिने स्वतःच्या दोन बोटांनी पापणी वर उचलून दाखवली. त्या रात्रीही तिने तसंच करून पाहिलं होतं. बोट काढलं की पापणी पुन्हा खाली येत होती.

घरात दोन फोन होते. एक स्मार्टफोन, त्याचं कुलूप फक्त मुलीलाच उघडता येत होतं कारण पॅटर्न तिनेच टाकला होता. दुसरा आईचा बटणांचा फोन, त्याचा रिचार्ज संपलेला. आई तशीच चुलत्याच्या घराकडे धावली.

"भावजी, उठा, पोरीच्या पापण्या उघडंनात."

चुलता फोन घेऊन चिंचेखाली गेला. इथून पुढचं त्याच्या कॉलच्या यादीत दिसतं. ४.१८ ला चाकणला भावाला फोन, सहा मिनिटं. ४.२५ आणि ४.२७ ला गावातल्या एका पुढाऱ्याला, दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. ४.२९ ला उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला दवाखान्याचा नंबर, जो त्याने कधीतरी फोनमध्ये साठवून ठेवला होता. तो क्रमांक अस्तित्वात नसल्याचा निरोप ऐकू आला. ४.३३ ला १०८.

पलीकडून जिल्हा विचारला, तालुका विचारला, गाव विचारलं. त्याने गावाचं नाव सांगितलं, खुर्द की बुद्रुक ते सांगितलं नाही. "जवळची खूण सांगा" म्हटल्यावर तो म्हणाला, "वरचा मळा, कुणालाबी विचारा." रुग्णाला काय होतंय असं विचारलं तेव्हा त्याला नेमकं सांगता येईना, म्हणून मुलीला बघून येतो असं म्हणत फोन कानाला तसाच धरून तो घराकडे चालू लागला. चाळीस पावलांवर रेंज गेली आणि कॉल तुटला. पलीकडून ४.३७ आणि ४.३९ ला परत फोन आले होते, पण तेव्हा त्याचा फोन संपर्काबाहेर होता. फोन कापला गेला हे त्याला कळलंच नाही. त्याला वाटलं, सांगून झालं, आता गाडी येईल.

अडचण नेमकी कुठे होती

मुलीला चावली होती ती मण्यार, हे नंतर कळलं. मण्यार हा आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी एक, बाकीचे तीन नाग, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री फिरते आणि बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास घ्यायचे स्नायूच थकतात. नसांची जी टोकं स्नायूंना हुकूम पोचवतात, त्यांनाच हे विष निकामी करतं. एकदा तिथे इजा झाली की नंतर दिलेली लस ती इजा पुसून काढू शकत नाही. ती टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस. म्हणून मण्यारीच्या रुग्णाला दोन गोष्टी लागतात, सर्पदंशाची लस आणि श्वास देण्याची सोय. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात होती, नऊ किलोमीटरवर. मुलांसाठी व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या ठिकाणी, अडुसष्ट किलोमीटरवर.

घरातल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि ते असावं अशी अपेक्षाही नाही. पण ४.१० ला घरातल्या चौघांपैकी एकालाही 'आता पहिला फोन कुणाला' याचं उत्तर देता आलं नाही, आणि ही माझ्या कामातली उणीव आहे. सहा महिन्यांपूर्वी आम्ही घरोघर एक पत्रक वाटलं होतं. त्यात अठरा क्रमांक होते. पोलीस, अग्निशमन, महिला, बालक, ज्येष्ठ, वीज, वन, रक्त, सगळे. मी त्या घरी गेले तेव्हा आजीने ते पत्रक रेशनकार्डाच्या पिशवीतून काढून दाखवलं, नीट चार घड्या घातलेलं. सांभाळून ठेवलेलं होतं. गरजेच्या वेळी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

समोर असलेले पर्याय

साडेचारच्या सुमारास वस्तीतली सात-आठ माणसं जमली. तिथे जी चर्चा झाली ती मी चार-पाच जणांकडून वेगवेगळी ऐकली आहे. तिच्यात चार वाटा पुढे आल्या होत्या.

पहिली, १०८ ची वाट बघायची. चुलत्याचा भरवसा त्यावर होता.

दुसरी, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये मुलीला बसवून थेट निघायचं. आमच्याकडे रुग्ण नेण्याची ही सगळ्यात रुळलेली पद्धत आहे आणि साधा ताप किंवा फ्रॅक्चर असेल तर ती चालूनही जाते. इथे मुलीची मान ठरत नव्हती. मध्ये बसवलेल्या मुलाची मान पुढे पडली की श्वासाची वाट बंद होते, आणि उलटी झाली तर ती घशातून फुप्फुसात जाऊ शकते. हा धोका त्या घोळक्यात कुणाच्या लक्षात आला नव्हता. नशिबाने रस्त्यावर चिखल होता आणि गाडी घसरेल या भीतीनेच हा विचार मागे पडला.

तिसरी वाट आजीने काढली. गावठाणात एक वयस्कर गृहस्थ विष उतरवतात. अजून साप कुणी पाहिला नव्हता, पण 'पान लागलं असंल' हा शब्द आजीच्याच तोंडून पहिल्यांदा आला. आमच्याकडे 'साप' म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. त्या रात्रीचं खरं निदान आजीनेच केलं असं मी मानते. उपाय तिने तिच्या माहितीतला सुचवला, एवढंच.

चौथी, मिळेल ती चारचाकी घेऊन निघायचं आणि रुग्णवाहिकेला वाटेत गाठायचं. हे सुचवलं शेजारच्या घरातल्या एका मुलाने. तो तालुक्याला बारावीत शिकतो.

प्रत्यक्ष काय केलं

त्या मुलाने आधी चुलत्याचा फोन हातात घेतला, चिंचेखाली गेला आणि दोन मिस्ड कॉल बघितले. ४.४४ ला त्याने पुन्हा १०८ लावला. त्याने पत्ता असा सांगितला: जिल्हा, तालुका, गाव बुद्रुक, घाटाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आश्रमशाळेच्या पुढचा दुसरा फाटा, तिथून आत दीड किलोमीटर. मग मुलीबद्दल: वय अकरा, शुद्धीवर आहे, पापण्या पडतायत, बोलता येत नाही, दोन उलट्या, साप दिसला नाही पण जमिनीवर झोपली होती. पलीकडच्या डॉक्टरांनी मुलीला डाव्या कुशीवर ठेवा, तोंडाने काही देऊ नका, हातापायाला काही बांधू नका असं सांगितलं. आणि स्पष्ट सांगितलं की जवळची गाडी एका बाळंतिणीला जिल्ह्याला सोडून परत येते आहे, मळ्यापर्यंत यायला तासाच्या वर लागेल.

हे खरं उत्तर मिळालं म्हणून पुढचा निर्णय झाला. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा गाड्या ९३७ होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत. प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो, ही आपल्याकडच्या सेवेची मोठी जमेची बाजू आहे. पण राज्याचा पसारा आणि गाड्यांची संख्या बघितली तर डोंगरातल्या वस्तीवर गाडी दहा मिनिटांत येणार नाही, हे धरूनच चालावं लागतं. 'किती वेळ लागेल' हा प्रश्न विचारायला हवा आणि उत्तर ऐकून पुढचं ठरवायला हवं. पहिल्या फोनमध्ये तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

४.५० ला त्याच मुलाने ग्राम सुरक्षा यंत्रणेचा १८०० २७० ३६०० हा क्रमांक लावला. ज्या गावांनी नोंदणी केली आहे तिथे या क्रमांकावर बोललेला निरोप गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर कॉल होऊन वाजतो. गावाने ती नोंदणी चोऱ्या आणि बिबट्यासाठी केली होती. मुलगा एवढंच बोलला: "वरच्या मळ्यात पोरीला पान लागलंय, चारचाकी पाहिजे, लगेच." गावठाणात शंभरेक फोन एकदम वाजले. एक शेतकरी पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून बाजाराला निघायच्या बेतात होता. त्याने आणि त्याच्या बायकोने क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवायला सुरुवात केली. शेजारचे धावले. सकाळी मी तिथून गेले तेव्हा ते क्रेट अजून तिथेच होते, तीस-पस्तीस, काही घाईत कलंडलेले, आणि कुणीतरी वर गोणपाट टाकून ठेवलं होतं. त्या दिवशीचा त्याचा बाजार बुडाला. त्याबद्दल तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

तोच निरोप आशाताईच्या फोनवर वाजला. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमचा नंबर तिच्याकडे होता. ४.५३ ला तिने मॅडमना उठवलं. मॅडमनी तिथल्या तिथे दोन निर्णय घेतले. एक, मुलीला सरळ तालुक्याला न नेता आधी केंद्रात आणायचं आणि लसीचा पहिला डोस तिथेच सुरू करायचा. दोन, रुग्णवाहिकेलाही मळ्याकडे न बोलावता केंद्रात बोलवायचं. मुलाने १०८ ला तिसऱ्यांदा फोन करून हा बदल कळवला. तो सुरुवातीपासून चिंचेखालून हललाच नव्हता. घर आणि चिंच यांच्यामध्ये दुसरी मुलं पळत निरोप आणत होती.

आशाताई पिकअपबरोबर मळ्यात पोचली तेव्हा आजी अडून बसली होती, विष उतरवणाऱ्याला आणल्याशिवाय नात हलवायची नाही. या ठिकाणी आवाज चढला असता तर पंधरा मिनिटं सहज गेली असती. आशाताई म्हणाली, "आजी, बाबांना गाडीतच घेऊ. वाटेत त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, पोरीला त्रास व्हायचा नाही." गाडी गावठाणातून गेली तेव्हा ते गृहस्थ रस्त्यावर येऊन उभेच होते, फोन त्यांच्याही घरी वाजला होता. त्यांनी मुलीचे डोळे बघितले आणि आजीला म्हणाले, "माझ्या हातातलं नाही हे, थांबू नका." ते गाडीत बसले, पूर्ण वाट मुलीचं डोकं त्यांनी मांडीवर धरून ठेवलं होतं. माझ्या आशाताईंना मी हा प्रसंग अनेकदा सांगते. अशा माणसांना आपण विरोधक समजतो, त्यांच्याशी आधी कधी बोललेलोही नसतो.

५.२७ ला मुलगी केंद्रात पोचली. सिस्टरनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. घोणस किंवा फुरसं असेल तर ते गोठत नाही. इथे गोठलं. त्याची वाट न बघता मॅडमनी पापण्या बघूनच लस सुरू केली होती, दहा कुप्या, मोठ्या माणसाला देतात तेवढ्याच. मुलाचं वजन कमी असलं तरी सापाने टोचलेलं विष कमी नसतं. दंशाची खूण शोधूनही सापडली नाही, शेवटपर्यंत नाही.

५.५२ ला रुग्णवाहिका आली. आता प्रश्न होता कुठे न्यायचं. तालुक्याचं रुग्णालय सव्वीस किलोमीटरवर, पण तिथे मुलासाठी व्हेंटिलेटर नाही हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी जिल्ह्याला फोन करून खाट आहे का ते आधी विचारलं, मुलीची स्थिती सांगितली, कुप्या किती दिल्या ते सांगितलं. केंद्रातल्या दोन सिस्टरपैकी एकीला त्यांनी गाडीत बसवलं, केंद्रात माणूस कमी पडेल हे पत्करून. हा निर्णय मोलाचा ठरला. अर्ध्या वाटेत मुलीचा श्वास उथळ झाला आणि तिथून जिल्ह्यापर्यंत गाडीतल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरनी आळीपाळीने हाताने अंबू बॅग दाबत तिला श्वास दिला. सिस्टर मला म्हणाली, ती मनात आकडे मोजत होती, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिची बोटं वळत नव्हती.

निष्पत्ती

मुलगी चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. तिसऱ्या दिवशी तिला पापण्या थोड्या हलवता येऊ लागल्या. नवव्या दिवशी ती घरी आली, सरकारी रुग्णालयात असल्यामुळे उपचाराचा खर्च घरावर पडला नाही. दिवाळीनंतर शाळेत जायला लागली.

घटना घडली त्याच दिवशी संध्याकाळी सरपणाच्या ढिगात साप दिसला होता. तरुण पोरं काठ्या घेऊन जमली. त्यांना कुणीतरी आवरलं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. तिथून शेजारच्या गावातल्या सर्पमित्राला निरोप गेला. काळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे, मण्यारच. तिला घेऊन गेले. आणि त्याच संध्याकाळी वस्तीतल्या एका बाईने १९१२ लावला, तक्रार क्रमांक मिळाला, दुसऱ्या दिवशी दुपारी फ्यूज बसला.

वेगळं काय करता आलं असतं

४.१० ते ४.४४ ही चौतीस मिनिटं मला सगळ्यात जास्त सलतात. त्यातली सहा मिनिटं चाकणच्या फोनमध्ये गेली. त्या बापाला दोष नाही, त्याला कळवणं गरजेचंच होतं. पण तो तिथून काही करू शकत नव्हता, आणि एकच फोन चालू असताना तो त्याच्यासाठी अडकून पडला. घरच्याला दुसरा फोन, मदतीला पहिला, हा क्रम आधी बोलून ठरवलेला असता तर ते झालं नसतं.

चिंचेखाली जाऊन आईच्या बटणांच्या फोनवरून ११२ लागला असता. रिचार्ज संपलेल्या फोनवरूनही तो लागतो. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला तरी ११२ ला संकेत जातो, स्मार्टफोनवर बाजूचं बटण तीनदा पटापट दाबलं तर. कुलूप लावलेल्या स्मार्टफोनच्या पडद्यावर खाली 'इमर्जन्सी' लिहिलेलं असतं, तिथून पॅटर्न माहीत नसतानाही ११२ लावता येतो. ११२ पोलिसांचा आहे अशी समजूत आहे, पण वैद्यकीय मदत, आग, महिला सुरक्षा, सगळ्यासाठी तो एकच आहे, आणि घाबरलेल्या माणसाला एकच आकडा लक्षात ठेवणं सोपं जातं. घरात दोन फोन असून आईला चुलत्याच्या फोनसाठी दोनशे पावलं धावावं लागलं, कारण यातली एकही गोष्ट आम्ही तिला सांगितली नव्हती.

२.४० ते ४.१० या दीड तासाबद्दल माझं मत ठाम नाही. पोटदुखी आणि उलटी म्हणून कुणी रात्री अडीचला गाडी बोलवत नाही. त्या वेळी आरोग्य सल्ल्याच्या १०४ वर किंवा आशाताईला फोन केला असता आणि 'जमिनीवर झोपली होती का' एवढं कुणी विचारलं असतं, तर तास वाचला असता. आता आमच्या आशाताई पावसाळ्यात रात्री-पहाटेच्या पोटदुखीला हा प्रश्न आधी विचारतात.

भिंतीवरचा बंद नंबर आमचाच. दूरध्वनी केव्हाच बंद झाला, रंग मात्र तसाच राहिला. उपकेंद्रात मी महिन्यातून दोनदा जाते. त्या भिंतीला टेकून चहा पिते. तो नंबर मी एकदाही लावून बघितला नव्हता.

त्यानंतर काय बदललं

अठरा क्रमांकांचं पत्रक आम्ही बंद केलं. आता प्रत्येक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला एक हाताने लिहिलेला कागद आहे. वर मोठ्या अक्षरात ११२ आणि १०८. बाळंतपण आणि तान्ह्या बाळासाठी १०२, तो वेगळा, कारण तो आधीच सांगून ठेवता येतो. त्याखाली त्या घराचा पत्ता, फोनवर वाचून दाखवता येईल असा: जिल्हा, तालुका, बुद्रुक, आश्रमशाळा, दुसरा फाटा, आत किती. त्याखाली तीन माणसांचे नंबर, आशाताई, केंद्राच्या मॅडम, पिकअपवाला. वीज आणि वनाचे आकडे अगदी तळाशी, आणि शेजारी 'घाई नसताना, पण त्याच दिवशी' असं लिहिलेलं.

शाळेत गुरुजींनी मुलांकडून तो पत्ता म्हणवून घेतला. एक मुलगा फोनवरचा माणूस होतो, दुसरा घाबरलेला घरचा. खरा क्रमांक कुणी लावायचा नाही, कारण तेवढा वेळ कुणाचा तरी खरा फोन अडतो. मुलगी यात पुढे असते. चुलता अजूनही 'वरचा मळा' म्हणूनच सुरुवात करतो आणि ती त्याला "काका, आधी जिल्हा" म्हणून थांबवते.

चिंचेच्या बुंध्यावर मुलांनी चुन्याचा पट्टा मारला आहे. फोन लावणाऱ्याने पट्ट्याच्या आतच थांबायचं आणि निरोप आणायला दुसऱ्याने पळायचं.

एप्रिलमध्ये मॅडमची बदली झाली. नव्या डॉक्टरांचा नंबर वेगळा. तेरा घरांतले कागद पुन्हा लिहायला मला आणि आशाताईला दोन दुपारी लागल्या. चुलीच्या धुराने काही पिवळे पडले होते, एकाचा कोपरा बोकडाने खाल्ला होता. मुलीच्या घरी आजीने जुना कागद काढू दिला नाही. नवा त्याच्या शेजारी लावला आहे, आणि जुन्यावरच्या मॅडमच्या नंबरावर तिने नातीकडून एक आडवी रेघ मारून घेतली, कुणी चुकून तोच लावू नये म्हणून.